हळदीच्या गावातली पाणी पिणारी गाडी

निवृत्तीनंतर माणसं काशीला जातात, नाहीतर नातवंडं सांभाळायला परदेशी जातात. आम्ही नवरा-बायको चिपळूणहून निघून हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंद्याला गेलो, आणि तेही एका जुन्या ट्रकचं पाणी कुठं जातं ते शोधायला. परत आल्यावर शेजारच्या बायकांनी विचारलं, "काय काय पाहिलंत?" मी म्हटलं, "रेडिएटर." त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. तेव्हा एकदा सगळं लिहूनच काढावं म्हटलं.

आमचे हे बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये हेड मेकॅनिक होते. इंजिनाचा आवाज ऐकून आजार सांगतात आणि घरातल्या मिक्सरचा आवाज मात्र त्यांना ऐकू येत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी कुंभार्ली घाटात हळदीच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रक बंद पडला होता. ड्रायव्हर होते कुरुंद्याचे उस्मानभाई. ह्यांनी ट्रक चालू करून दिला आणि उस्मानभाईंना जेवायला घरी आणलं. तेव्हापासून दर वर्षी त्यांच्याकडून आमच्याकडे हळद येते आणि आमच्याकडून त्यांच्याकडे आमसुलं जातात. भेटी मात्र बोटावर मोजण्याइतक्या, आणि त्याही आमच्याच दारात झालेल्या.

ह्या फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. "मिस्तरी, गाडी पाणी पिऊन राहिली. रोज भरतो, रोज कमी. खाली बघावं तर थेंब न्हाई." गाडी म्हणजे तोच घाटातला ट्रक. तिथल्या एका मेकॅनिकनं निदान केलं होतं की इंजिनाचं हेड तडकलंय, पाणी आतल्या आत जळतंय. उस्मानभाईंचा मुलगा जावेद कधीपासून म्हणत होता की गाडी भंगारात द्या. बापलेकांचं शेवटी एवढ्यावर मिटलं होतं की हेड खरंच गेलं असेल तर गाडी जाईल, नसेल तर राहील. भंगारवाला बाजाराच्या दुसऱ्या दिवशी येणार होता. "तुमी बघा अन् सांगा," उस्मानभाई म्हणाले. "तुमी म्हणलं गेली, तर गेली. दुसऱ्याच्या तोंडून मला ते ऐकायचं न्हाई."

ह्यांनी त्याच संध्याकाळी हत्यारांची पिशवी भरली. पिशवीत पाने, हातोडी, छिन्नी आणि एका कोपऱ्यात माझ्या दोन साड्या. रेल्वे स्टेशनवर कुली ती पिशवी उचलताना माझ्याकडे असा बघत होता की मीच लोखंडाचा व्यापार करते.

कुरुंदा

वसमतच्या स्टेशनवर जावेद त्याची नवी छोटी पिकअप घेऊन आला होता. तिशीतला, कमी बोलणारा, काळजी करणारा मुलगा. काचा वर करून निघालो तरी रस्त्यात वास आत आलाच. शेताशेतांतून मोठ्या लोखंडी टाक्यांत हळद शिजत होती आणि वाफ रस्त्यापर्यंत येत होती. तो वास मातीचा, कंदाचा, थोडा औषधी. शिजलेली हळद उन्हात पसरलेली, तिच्यातून फिरणाऱ्या बायकांचे पाय घोट्यापर्यंत पिवळे. एक पांढरं कुत्रं बघितलं, त्याचं पोट पिवळं होतं. आमच्याकडे परसात हळदीची चार रोपं असतात ती पानांसाठी, पातोळ्या करायला. इथं पानं तर केव्हाच कापून बांधावर टाकून दिलेली. मी हळहळले तेव्हा जावेद म्हणाला, "चाची, पानाचं काय करतेत?" मी त्याला पातोळ्यांची कृती सांगितली. त्यानं नीट ऐकून घेतली.

घरी उस्मानभाईंच्या पत्नी शमीमभाभींनी पाय धुवायच्या आधी ताट वाढलं. आमच्याकडे आधी पाणी, मग चौकशी, मग चहा, मग जेवायला थांबता का अशी पायरी पायरीनं वाट असते. इथं बसलं की ताट समोर. मसूर घातलेली खिचडी, खिमा आणि वर ओतून घ्यायला खट्टा. तो तिळाचा, चिंचेचा करतात, पण भाभींनी आमच्या आमसुलांचा केला होता. मी तीनदा घेतला. "पोटात जागा ठेवा, वहिनी," उस्मानभाई म्हणाले, "माझ्या भागीदाराच्या, किसनच्या तांड्यावरून बी भाकरी येऊन राहिली."

उस्मानभाई सत्तरीला आलेले, उंच, बारीक, उन्हातही लांब बाह्यांचा शर्ट घातलेले, मान जरा पुढे काढून चालणारे. जेवताना एकदाही गाडीचं नाव काढलं नाही. हात धुतल्यावर मात्र चपला घालून दारात उभेच राहिले.

गाडीपाशी

घरामागं कडुलिंबाच्या झाडाखाली ट्रक उभा होता. रंग उडालेला, पण काचा पुसलेल्या. इंजिनाचं अर्धं अंग केबिनच्या आत, लोखंडी झाकणाखाली, आणि त्या झाकणावर घडी घातलेली गोधडी. शेजारी दगडावर किसन राठोड बसले होते. हे उस्मानभाईंचे भागीदार. गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावर राहणारे. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य लादून दूरदूर जायचे. किसनरावांनी आणि उस्मानभाईंनी मिळून हा ट्रक घेतला, तेव्हापासून चालवायचं उस्मानभाईंनी आणि माल लादायचा, उतरवायचा, राखायचा किसनरावांनी. गाडीबद्दल ते बैलासारखंच बोलतात. "चार दिस झाले, रुसून बसली," ते म्हणाले.

ह्यांनी थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि बाहेर काढलं. बोट पिवळंधमक.

"ह्यात हळद कुणी घातली?"

उस्मानभाई घसा खाकरून म्हणाले, "थोडी. पाणी झिरपतंय वाटलं की घालतेत ना, मिस्तरी. भोक बुजतं." हा उपाय ड्रायव्हर लोकांत सगळीकडे आहे हे मलाही ठाऊक होतं. चिमूटभर हळद बारीक भोकात जाऊन बसते. पण चिमूट घालायची ती आमच्यासारख्यांनी, ज्यांच्याकडे हळद डब्यात असते. इथं ती पोत्यात असते.

"थोडी म्हणजे किती?"

"मूठभर. कवातरी."

किसनराव जमिनीकडे बघत म्हणाले, "म्या बी घालत होतो. ह्याला घोर नको म्हणून सांगितलं न्हाई."

"काहून न्हाई सांगितलं?" उस्मानभाई वळले.

"तू बी कुठं सांगितलं?"

तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या शमीमभाभी थबकल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलंच. "म्या दोनदाच," त्या म्हणाल्या. "बाप-लेक भांडायलेत, म्हणलं गाडी तरी बरी व्हावी." मला हसू आवरेना. तिघांनी एकमेकांपासून लपवून, एकमेकांच्या काळजीनं, त्या रेडिएटरमध्ये एका लग्नाला पुरेल एवढी हळद ओतली होती. हे मात्र हसले नाहीत. त्यांनी कपाळाला हात लावला.

मग खरी परीक्षा. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं आणि आत बघायचं. हेड गेलं असेल तर धुराचा दाब पाण्यात घुसतो आणि बुडबुडे येत राहतात. हे आणि जावेद दोघं वाकून बघत होते, किसनराव त्यांच्या खांद्यावरून. उस्मानभाई तेवढे लिंबाच्या झाडाकडे तोंड करून उभे होते.

बुडबुडे आले नाहीत. ऑइलची पट्टी काढून बघितली, ऑइल काळं आणि स्वच्छ, पाण्यानं दुधाळ झालेलं नाही. "हेड शाबूत दिसतंय," हे म्हणाले. उस्मानभाई वळले, पण जावेदनं लगेच विचारलं, "मंग पाणी जातं कुठं, चाचा? कारण सापडलं न्हाई तर हेडच म्हणावं लागंल ना." प्रश्न रास्त होता.

ह्यांनी पाण्याचे पाइप बघितले, क्लिपा आवळल्या आणि शेवटी वॉटर पंपावर बोट ठेवलं. इतक्या ठामपणे ठेवलं की मी तेव्हाच ओळखलं, हे चुकताहेत. आमच्या संसारात ह्यांचा ठामपणा हा नेहमी वाईट शकुन ठरलाय. दुपारभर पंप खोलला, सील बदललं, बसवला. संध्याकाळी जावेदनं गाडी फिरवून आणली. पाणी पुन्हा कमी. ह्यांनी हात पुसले आणि जेवताना खट्ट्याला नको म्हणाले.

त्या संध्याकाळी चुलीपाशी शमीमभाभींनी मला जावेदचं मन सांगितलं. दिवाळीच्या सुमारास हट्टा गावाच्या रस्त्यावर गाडी तापली. उस्मानभाई एकटेच होते. घाईत त्यांनी गरम रेडिएटरचं झाकण उघडलं आणि उकळतं पाणी हातावर आलं. कोपरापर्यंत भाजलं. जावेद तिथं पोचेपर्यंत ते रस्त्याकडेला हात धरून बसले होते. "तवापासून लेकराला झोप न्हाई," भाभी म्हणाल्या. "त्याला गाडीचा राग न्हाई, वहिनी. बापाच्या जिवाची भीती हाय. पण तोंडानं सांगता येत न्हाई त्याला." मग मला उस्मानभाईंच्या लांब बाह्यांच्या शर्टाचा अर्थ कळला.

तांड्याची चढण

दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, गाडी रिकामी उभी करून काही कळणार नाही, तिला ओझं देऊन चढावर नेऊ. किसनरावांच्या शेतातून काढलेली ओली हळद तांड्यावर शिजवायला न्यायचीच होती. ती भरली. उस्मानभाई चालवायला, शेजारी हे, आणि मी इंजिनाच्या झाकणावरच्या गोधडीला लागून. किसनराव आणि जावेद मागं पोत्यांवर. मला न्यायचं काही कारण नव्हतं. पण चिपळूणहून इथवर येऊन ट्रकमध्ये न बसता परत जायला मी काही वेडी नव्हते.

माळावर ज्वारी उभी होती, करडीची काटेरी फुलं पिवळी-केशरी झाली होती. आमच्यासारखे डोंगर नाहीत. जमीन सावकाश वर येते आणि सावकाश खाली जाते, आणि सगळीकडे आभाळ. उस्मानभाई गियर टाकायच्या आधी बैलाच्या पाठीवर हलकेच थोपटावं तसं स्टेअरिंगवर बोटं टेकवत होते. तांड्याच्या आधी चढण लागली. इंजिन घुमू लागलं, तापमानाचा काटा वर सरकू लागला. आणि मला वास आला.

"कुणाची तरी फोडणी करपली," मी म्हटलं.

उस्मानभाई हसले. "वहिनी, हंगाम हाय. सगळ्या मुलखाला हळदीचाच वास."

"तो शिजलेल्या हळदीचा. हा करपलेल्या हळदीचा आहे. मी स्वयंपाक करते, मला फरक कळतो." आजूबाजूला एकही घर नव्हतं. कढईत तेल फार तापलं आणि त्यात हळद पडली की जो कडवट, नाकात बसणारा वास येतो, तोच होता, आणि तो माझ्या गुडघ्याशेजारून, त्या गोधडीखालून येत होता. ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. आयुष्यात प्रथमच त्यांनी माझ्या म्हणण्यावर वाद न घालता म्हटलं, "गाडी थांबवा."

झाकण उचललं. हे टॉर्च घेऊन अर्धे आत घुसले. कोपऱ्याकोपऱ्यातून उजेड फिरवला. मग आतूनच हाक मारली, "जावेद, इकडे ये. बघ."

इंजिनाच्या ब्लॉकच्या कुशीत पत्र्याची वाटीसारखी बुचं ठोकलेली असतात, आतलं पाणी अडवायला. त्यातलं एक, मागच्या बाजूचं, गंजून त्याला टाचणीएवढं भोक पडलं होतं. गाडी थंड असताना भोक हळदीनं बुजलेलं. ओझं घेऊन इंजिन तापलं, दाब वाढला की त्यातून पाण्याची बारीक चिळकांडी उडायची ती थेट सायलेन्सरकडं जाणाऱ्या लालबुंद पाइपावर. पाणी तिथंच वाफ होऊन जायचं, म्हणून खाली थेंब नाही. हळद मात्र पाइपावर जळून तिची तपकिरी खपली धरली होती. ती खपली सगळ्यांनी बघितली असणार. पण हळद वाहणाऱ्या ट्रकमध्ये पिवळं काही दिसलं तर कोण कशाला थांबून बघेल? आणि वासाचं म्हणाल तर तिथल्या नाकांना हंगामात हळदीचा वास म्हणजे हवा. मी परगावची म्हणून मला तो लागला, एवढंच माझं कर्तृत्व. अर्थात चिपळुणात मी ते एवढंच म्हणून सांगत नाही.

"हेड न्हाई?" उस्मानभाईंनी विचारलं.

"हेडला काही झालेलं नाही. एक बूच गेलंय."

उस्मानभाई बोनेटला पाठ टेकून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. किसनराव त्यांच्या शेजारी जाऊन तसेच टेकले. जावेद आतमध्ये टॉर्च धरून होता. बुचाकडेच बघत होता.

वसमतचा फेरा

बूच वसमतला मिळालं. बसवायचं काम तासाभराचं, पण तिथपर्यंत हात पोचवायला तो पाइप उतरवावा लागला. तेव्हा मी जावेदला बघत होते. ह्यांनी पाना मागायच्या आधी तो हातात देत होता. अंधारातला कुठला नट कुठं आहे, कुठला उलट्या हातानं फिरवावा लागतो, सगळं त्याला पाठ. लहानपणी सुट्ट्या ह्याच गाडीत काढल्या असं नंतर भाभींकडून कळलं. ह्यांनी छिन्नीनं जुनं बूच कडेला ठोकून आडवं केलं, पकडीनं ओढून काढलं, जागा पॉलिश पेपरनं घासली, आणि नवं बूच सोल्युशन लावून हलक्या हातानं ठोकत बसवलं.

इथंच थांबायला हवं होतं. पण ह्यांना ती हळद बघवेना. "रेडिएटर धुतल्याशिवाय मी जाणार नाही," म्हणाले. धुतला. आधी पिवळा गाळ आला, मग पिवळा चिखल, मग वड्या. शेवटी स्वच्छ पाणी आलं, आणि ते खालच्या नळीतून येण्याऐवजी रेडिएटरच्या चारी अंगांनी येऊ लागलं. तो रेडिएटर कितीतरी दिवस केवळ हळदीवर तगून होता. किसनराव शांतपणे म्हणाले, "आमी उगंच घालत न्हवतो, मिस्तरी." ह्यांनी रेडिएटर उतरवायला पाना मागितला. मी पदर तोंडाला लावला.

मग तो रेडिएटर जावेदच्या पिकअपमध्ये घालून पुन्हा वसमत. कथिलाची झाळ लावणाऱ्यानं एकेक भोक शोधून बुजवलं. त्याला हळदीचं काही नवल नव्हतं, कारण त्याच्याकडं येणारे सगळेच रेडिएटर पिवळे असतात. परत येऊन बसवला, हिरवं कूलंट भरलं. किसनरावांना तो रंग पसंत पडला नाही. ह्यांनी तिघांनाही समोर उभं करून शब्द घेतला की ह्यात पुन्हा हळद घालणार नाही. "चिमूट बी न्हाई?" भाभींनी विचारलं. "चिमूटसुद्धा नाही," हे म्हणाले.

पुन्हा ओझं भरून पुन्हा तीच चढण. काटा अर्ध्यावर येऊन थांबला. पाणी तसूभर कमी झालं नाही. उतरल्यावर जावेदनं खिशातून फोन काढला, भंगारवाल्याला येऊ नका म्हणून सांगितलं आणि फोन परत खिशात घातला. दिलेला शब्द त्यानं पाळला. पण त्याचा चेहरा मला बघवत नव्हता. गाडी राहिली म्हणजे अब्बा पुन्हा एकटे रस्त्यावर, हे त्याला दिसत होतं आणि त्याला ते बोलता येत नव्हतं.

निघताना

निघायच्या सकाळी भाभींनी धपाटे बांधून दिले, हळद दिली, आणि मी नको नको म्हणत असताना आणखी हळद दिली. उस्मानभाई म्हणाले, स्टेशनवर ट्रकनंच जायचं. जावेदनं आमची पिशवी वर चढवली आणि मागून यायला पिकअपची किल्ली घ्यायला वळला. तेव्हा उस्मानभाईंनी त्याला हाक मारली आणि ट्रकची किल्ली त्याच्यासमोर धरली.

"तू चालव."

जावेदला कळेना. "अब्बा, आता तर चांगली झाली."

"म्हणूनच. बिमार असताना हात सोडला असता तर जिवाला लागलं असतं माझ्या. आता बरी हाय. आता देता येती." मग जरा थांबून म्हणाले, "तुला काय वाटलं, तुझी तकलीफ मला दिसत न्हवती?"

किसनराव दाराशी उभे होते. म्हणाले, "आमच्यात बैल बी असाच देतेत. धडधाकट असताना, दावं हातात देऊन." जावेदनं किल्ली घेतली. ती मुठीत धरून तो वर चढला.

केबिनमध्ये जावेद स्टेअरिंगवर, मग मी, मग उस्मानभाई, आणि आमचे हे किसनरावांबरोबर मागं उघड्यावर, मफलर गुंडाळून, खुशीत. उस्मानभाईंना त्या बाजूला कसं बसायचं ते जमत नव्हतं. हात कुठं ठेवावेत कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग खिडकीवर, मग पुन्हा मांडीवर. इतकी वर्षं ज्या गाडीत काढली, तिच्या डाव्या बाजूचा रस्ता ते पहिल्यांदाच बघत होते. मला गहिवरून आलं. मी खिडकीबाहेरच्या ज्वारीकडे बघत राहिले.

पहिलं वळण आलं आणि उस्मानभाईंचा उजवा पाय खाली रिकाम्या पत्र्यावर दाबला गेला. तिथं ब्रेक नव्हता. पुढं म्हशी आडव्या आल्या, पुन्हा पाय दाबला. त्यांच्या ते लक्षात नव्हतं. पण माझ्या लक्षात आलं की प्रत्येक वेळी त्यांचा पाय खाली गेला की गाडी खरंच हळू होते आहे. मी जावेदकडे बघितलं. तो रस्त्याकडे बघत होता, आणि मधूनच, अगदी क्षणभर, खाली अब्बांच्या पायाकडे. वसमतपर्यंत त्यानं गाडी तशीच आणली.